गाठ त्याच स्तनात परत आली, तर सोमवारचं ऑपरेशन थांबवावं का?

पत्र

माझी ताई ५२ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ निघाली. तिनं आग्रह धरला म्हणून फक्त गाठ काढली, स्तन ठेवला. काखेत काही नव्हतं. किमोचे चार डोस झाले, तीन आठवडे शेक (रेडिएशन) दिला, पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी घेतली. गोळी गेल्या वर्षीच बंद झाली. आता मॅमोग्राफीत जुन्या टाक्यांजवळ १४ मिलिमीटरची गाठ दिसतेय. आमच्या तालुक्याचे सर्जन म्हणतात, सोमवारी काढून मोकळं होऊ. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, आधी बायोप्सी, मग पेट स्कॅन, मग ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत, केस ठेवू, दोन-तीन आठवडे लागतील. भावोजींना ही टाळाटाळ वाटते. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असंही त्यांना कुणीतरी सांगितलंय. ताई म्हणते, तेव्हाच सगळं काढायला हवं होतं, माझाच हट्ट नडला. आमची मावशी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, त्यामुळे आईची झोपच उडाली आहे. भावोजी म्हणतात, ताईला सगळं सांगू नका. आता स्तन काढावा लागेल का? पुन्हा किमो, पुन्हा शेक? आणि एवढं करून ती बरी होईल का? मी तिची धाकटी बहीण, वय ४५, सांगली जिल्हा.

उत्तर

नमस्कार.

सोमवारची तारीख रद्द करा. याचा अर्थ ऑपरेशनच नको असा नाही. ते बहुधा होईलच, आणि उपचारातला मोठा वाटा त्याचाच असेल. पण ते किती मोठं करायचं, त्याच्या आधी औषध द्यायचं की नंतर, काखेत हात घालायचा की नाही, हे ठरवण्याइतकी माहिती आज कुणाच्याच हातात नाही. तालुक्याच्या सर्जनकडे नाही आणि मुंबईच्या डॉक्टरांकडेही नाही. मुंबईचे डॉक्टर ती मिळवू पाहताहेत, एवढाच फरक आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही आधीच देते, कारण तो प्रश्न मनात असेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. त्याच स्तनात परत आलेली गाठ आणि फुप्फुसात, यकृतात किंवा हाडांत पोचलेला कॅन्सर या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आजार फक्त स्तनात असेल, तर आजही उपचार ताईंना पूर्ण बरं करण्यासाठीच द्यायचे असतात. त्यांच्या बाजूनं बरंच काही आहे. गाठ सहा वर्षांनी आली, दोन वर्षांत नाही. ती लहान आहे. हाताला लागण्याआधी मॅमोग्राफीत सापडली. पहिल्या वेळी काखेत काही नव्हतं. या चारही गोष्टी आम्हा डॉक्टरांना धीर देणाऱ्या आहेत. तरी तुमच्यापासून काही लपवत नाही: एकदा गाठ परत आली की पुढे शरीरात दुसरीकडे आजार निघण्याचा धोका पहिल्यापेक्षा वाढतो. म्हणूनच या वेळचे उपचार अर्धवट माहितीवर करायचे नसतात.

आता ताईंच्या हट्टाबद्दल. हे त्यांना वाचून दाखवा.

स्तन वाचवून फक्त गाठ काढणं हा काही जुगार नव्हता. १९७३ मध्ये इटलीत मिलान इथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी आणि १९७६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी याच प्रश्नावर मोठे अभ्यास सुरू केले. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ किंवा स्तनाचा थोडा भाग. दोघांनी वीस-वीस वर्षं त्या स्त्रियांचा पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. स्तन ठेवलेल्या आणि काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून शेक न दिलेल्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात गाठ परत आली, शेक दिलेल्यांमध्ये सुमारे १४ टक्के. म्हणजे गाठ परत येण्याची थोडी शक्यता पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलेलीच होती. तशी ती आली, तर पुन्हा ऑपरेशन करून तिच्यावर मात करता येते, हेही त्याच हिशेबात होतं. वर्षाला मॅमोग्राफी सांगतात ती याचसाठी, आणि ताईंनी ती चुकवली नाही. पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्याही छातीच्या भिंतीवर गाठ परत येऊ शकते. तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या निर्णयाचं ओझं ताईंनी आज वाहू नये. ऑपरेशनच्या खोलीत जाताना मनावर स्वतःचा दोष घेऊन गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या दुखण्यात त्यानं भरच पडते.

भावोजींच्या सुईकडे येऊ. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. स्थानिक भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, जाड सुईनं गाठीचे तीन-चार बारीक तुकडे घेतात. अर्ध्या तासाचं काम असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. बायोप्सी केल्यानं पुढचं आयुष्य कमी होतं असं कुठल्याही भरवशाच्या अभ्यासात दिसलेलं नाही. उलट ती न करण्यात खरा धोका आहे. शेक दिलेल्या स्तनात चरबी मरून तिचा गोळा होतो, तो मॅमोग्राफीत हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. जुन्या टाक्यांचा व्रणही कधी कधी फसवतो. फार क्वचित, शेकामुळे वर्षांनंतर वेगळ्याच जातीची गाठ होते आणि तिचे उपचारही वेगळे असतात. सोमवारी सरळ कापलं आणि आत नुसती मेलेली चरबी निघाली, तर? किंवा कॅन्सर निघाला, पण कडेला राहून गेला म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा टेबलावर जावं लागलं, तर?

गाठ कॅन्सरचीच निघाली, तरी बायोप्सीचं काम तिथे संपत नाही. तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हॉर्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठीच्या पेशींवर या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या नव्यानं व्हायलाच हव्यात. पहिल्या गाठीचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे म्हणून तोच चालवू नये. ताईंना पाच वर्षं टॅमॉक्सिफेन दिलं, म्हणजे तेव्हाची गाठ हॉर्मोनवर वाढणारी होती. नवी गाठही तशीच असेल असं नाही. काही स्त्रियांमध्ये परत आलेल्या गाठीचा स्वभाव बदललेला असतो, आणि तसं असेल तर औषधं पार बदलतात. कधी कधी ही जुन्या गाठीची पुनरावृत्ती नसतेच, त्याच स्तनात नव्यानं सुरू झालेला दुसरा कॅन्सर असतो. तो बहुधा जुन्या जागेपासून दूर असतो आणि उशिरा येतो. त्यातून बरं होण्याची शक्यता सहसा जास्त असते. ताईंची गाठ टाक्यांजवळ आहे, पण सहा वर्षांनी आलेली आहे, म्हणून पॅथॉलॉजिस्टला जुनी आणि नवी गाठ शेजारी-शेजारी ठेवून बघावी लागेल.

त्यासाठी तुम्हाला एक काम करावं लागेल, आणि ते आजच सुरू करा. सहा वर्षांपूर्वी जिथे ऑपरेशन झालं, तिथल्या लॅबमध्ये ताईंच्या गाठीचे तुकडे मेणात बसवलेले असतील. त्यांना ब्लॉक म्हणतात. मुंबईच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, जुन्या हॉस्पिटलमध्ये अर्ज द्या आणि ब्लॉक, काचेच्या स्लाइड्स दोन्ही मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. याबरोबर जुन्या ऑपरेशनची नोंद, हिस्टोपॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट, किमोत कोणती औषधं किती दिली त्याचा कागद आणि शेकाचा समरी कागद हवा. शेवटचा कागद लोक हमखास हरवतात, आणि ट्यूमर बोर्डात सगळ्यात आधी तोच मागतात.

बायोप्सीत कॅन्सर निघाला, की आजार शरीरात दुसरीकडे पोचला आहे का हे बघायला ऑपरेशनआधी पेट-सीटी, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन. भावोजींना हा खर्च वाया वाटेल, पण सगळा बेत या एका तपासणीवर उभा राहतो किंवा बदलतो. दुसरीकडे आजार निघाला, तर आधी औषधं येतात आणि स्तनाचं ऑपरेशन मागे जातं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांचा आजार पहिल्या तपासणीतच शरीरात इतरत्र पोचलेला होता. स्तनातली मूळ गाठ काढल्यानं त्यांचं आयुष्य वाढलं नाही. ताईंची स्थिती वेगळी आहे आणि बहुधा वेगळीच निघेल, पण स्कॅनआधी सुरी का चालवत नाहीत, हे त्यावरून भावोजींच्या लक्षात येईल. पेट स्कॅनला साधारण सहा तास उपाशी राहावं लागतं. ताईंना मधुमेह असेल, तर गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते सेंटरला आधी फोन करून विचारा, साखर जास्त असली तर स्कॅन रद्द करून परत पाठवतात. स्कॅननंतर काही तास लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घ्यायचं नसतं.

या तपासण्यांत दोन-तीन आठवडे गेले, तर बिघडत नाही. दोन-तीन महिने गेले, तर बिघडू शकतं. म्हणून तारखा घ्या, वहीत लिहा, आणि रिपोर्ट लांबला तर फोन करून पाठीमागे लागा. या मधल्या दिवसांत कुणी काढा, भस्म, गोमूत्र घेऊन येईल. तेही नको. त्यातल्या काहींनी यकृताचे आकडे बिघडतात आणि खरे उपचार मागे पडतात.

आता तो ट्यूमर बोर्ड, ज्याला भावोजी टाळाटाळ समजताहेत. माझी बरीच वर्षं अशा बैठकांत गेली, म्हणून तिथे काय घडतं ते सांगते. एका खोलीत कॅन्सर सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट बसतात. बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक सर्जन, नर्स आणि समुपदेशकही असतात. पडद्यावर आधी सहा वर्षांपूर्वीची मॅमोग्राफी लागते, मग आताची. रेडिओलॉजिस्ट बोट ठेवून दाखवतो, गाठ टाक्यापासून किती लांब आहे, कातडीला किंवा खालच्या स्नायूला टेकली आहे का. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर जुन्या आणि नव्या पेशी दाखवतो. सर्जन विचारतो, तेव्हा कडा मोकळ्या होत्या का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नव्हता ना. रेडिएशनवाला विचारतो, शेक कोणत्या भागाला, किती दिला होता, हृदयाला किती लागला. ताईंचा डावा स्तन आहे, म्हणून हा प्रश्न येणारच. किमोवाला विचारतो, गोळी नेमकी कधी बंद झाली, मधे सोडली होती का, पाळी गेली आहे का. मग वाद होतात. सर्जनला वाटतं आधी ऑपरेशन, किमोवाल्याला वाटतं आधी औषध देऊन गाठ कशी वागते ते बघू. शेवटी एक मत ठरतं आणि ते फाइलमध्ये लिहिलं जातं. एकट्या डॉक्टरच्या डोक्यात एरवी यातला एखादा प्रश्न निसटतो. पहिल्यांदा आलेल्या गाठीचे मार्ग बऱ्यापैकी आखलेले असतात. परत आलेल्या गाठीत प्रत्येक बाईचा मागचा इतिहास वेगळा, म्हणून इथे ही बैठक फार मोलाची आहे.

ताईंच्या बाबतीत तिथे काय ठरेल? मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून शक्यता सांगते. गाठ काढून पूर्ण स्तनाला शेक झालेला असेल आणि त्याच स्तनात कॅन्सर परत आला असेल, तर पूर्ण स्तन काढणं हाच जगभर सर्वांत जास्त सुचवला जाणारा मार्ग आहे. कारण सरळ आहे. पहिल्या वेळी स्तन वाचवला तो शेकाच्या भरवशावर. तोच शेक त्याच जागी पुन्हा पूर्ण मापानं देता येत नाही. आधी शेकलेल्या कातडीला, बरगड्यांना, फुप्फुसाला आणि हृदयाला मागचा डोस सोसलेला असतो.

तरी दुसऱ्यांदा स्तन वाचवण्याचं दार पूर्ण बंद नाही. अमेरिकेत ५८ स्त्रियांवर असा एक अभ्यास झाला. त्यांची परत आलेली गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा लहान होती. ती काढून पूर्ण स्तनाला न देता फक्त त्या जागेपुरता शेक, दिवसातून दोनदा थोडा-थोडा, असा दिला. पाच वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ सुमारे ५ टक्के स्त्रियांना आली. युरोपात काही केंद्रांत बारीक नळ्यांतून आतून शेक देतात. ताईंची गाठ लहान आहे आणि उशिरा आली आहे, म्हणून हा प्रश्न बोर्डापुढे विचारायला हरकत नाही. पण त्यासाठी अनुभवी केंद्र लागतं, आणि मावशीच्या आजारामुळे उत्तर बदलू शकतं, त्याबद्दल पुढे लिहिते. ताईंनी पुन्हा हट्ट धरायचा तर माहितीनिशी धरावा, माझा त्याला पाठिंबा आहे.

स्तन काढायचं ठरलं, तर पुनर्रचनेचं विचारा. शेकलेल्या कातडीखाली सिलिकॉनचा इम्प्लांट बसवला, तर जखम न भरणं, आवळून येणं असे त्रास जास्त होतात. म्हणून प्लास्टिक सर्जन बहुधा पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचा मांस-कातडीचा भाग वापरतात. पुनर्रचना नको असेल, तर तेही चालतं. छाती सपाट ठेवून आत कापडी किंवा सिलिकॉनचं पॅड घालून शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी बायका आहेत. हे ताईंनी ठरवायचं, भावोजींनी नाही. काखेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड) आधी थोड्याच काढल्या असतील, तर स्तनातून आजार सर्वांत आधी जिथे पोचतो ती पहिली लसिकागाठ पुन्हा शोधून तपासता येते. मागच्या ऑपरेशननं लसिकेच्या वाटा बदललेल्या असतात, कधी त्या दुसऱ्या काखेकडेही वळतात, तेव्हा ती शोधायला वेळ लागेल किंवा ती सापडणारही नाही. सर्व लसिकागाठी सरसकट काढल्या, तर हात सुजण्याचा धोका वाढतो, म्हणून गरज असेल तरच.

स्तन पूर्ण निघाला आणि कडा मोकळ्या असल्या, तर ताईंना पुन्हा शेकाची गरज बहुधा पडणार नाही. ज्यांचा स्तन आधीच काढलेला आहे आणि छातीवर गाठ आली आहे, त्यांचं गणित वेगळं. हे पत्र वाचणाऱ्या अशाही बायका असतील, म्हणून लिहिते. आंघोळीच्या वेळी टाक्याच्या रेषेवर मुगाएवढी टणक गुठळी, न जाणारा लालसर चट्टा, किंवा गळ्याच्या हाडाच्या वर गाठ लागली, तर त्याला गजकर्ण समजून मलम लावत बसू नका. तिथेही बायोप्सी, स्कॅन, बोर्ड हाच क्रम. जमत असेल तर गाठ भोवतालच्या चांगल्या भागासह काढतात. आधी शेक झाला नसेल, तर छातीच्या भिंतीला आणि आसपासच्या लसिकागाठींना पूर्ण शेक देतात. आजार पसरट असून काढता येत नसेल, तर आधी औषधांनी तो आटवतात आणि मग पुन्हा बघतात. आधी शेक झालेला असेल, तर मोजक्या ठिकाणी त्या भागाला उष्णता देऊन कमी डोसचा शेक पुन्हा देतात.

किमोचं उत्तर नव्या बायोप्सीत आहे. परत आलेली गाठ पूर्ण काढल्यावर किमो द्यावी की नाही, यावर अनेक देशांत मिळून १६२ स्त्रियांवर अभ्यास झाला. त्याचे दीर्घ काळाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. परत आलेली गाठ ईआर निगेटिव्ह होती, त्या गटात किमो घेतलेल्या ७० टक्के स्त्रिया दहा वर्षांनी रोगमुक्त होत्या, न घेतलेल्या ३४ टक्के. ईआर पॉझिटिव्ह गटात किमोचा असा फायदा दिसला नाही. म्हणजे ताईंची नवी गाठही हॉर्मोनवर वाढणारी निघाली, तर किमोशिवायही भागू शकतं. ‘पुन्हा किमो’ या धसक्यानं त्या रात्र-रात्र जागत असतील, तर हे त्यांना नक्की सांगा. त्या वेळी हॉर्मोनविरोधी औषध मात्र बदलेल. टॅमॉक्सिफेन घेऊन झाल्यावर गाठ आली, तर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारखी गोळी सुचवतात. ती चालू करण्याआधी ताईंची पाळी खरोखर कायमची गेली आहे का, हे रक्त तपासून बघायला हवं. किमोनं आणि टॅमॉक्सिफेननं पाळी थांबते, पण अंडाशय आतून चालू असू शकतात, आणि मग ही गोळी काम करत नाही. तसं असेल, तर अंडाशय थांबवणारं इंजेक्शन जोडीला लागतं. या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून सुरुवातीला हाडांची घनता मोजतात आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व देतात. गाठ हर-टू पॉझिटिव्ह निघाली, तर ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं लागतात. ती महाग, पण आता भारतीय कंपन्यांची स्वस्त आवृत्ती मिळते.

ताईंना सांगायचं की नाही? सांगायचं. सगळं. त्या शिक्षिका आहेत, बावन्न वर्षांच्या आहेत, आणि संमतीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार आहे. भावोजींचा हेतू चांगला आहे, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली आहे. पण ताईंनी मॅमोग्राफीचा रिपोर्ट वाचला नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? लपवाछपवीत बायको आणि नवरा दोघंही एकमेकांसमोर हसतात आणि वेगवेगळ्या खोल्यांत रडतात. बोर्डाचा निर्णय सांगायला डॉक्टर बोलावतील, तेव्हा ताई, भावोजी आणि तुम्ही तिघंही आत जा. ताईंच्या हातात वही द्या. त्यांनी स्वतः विचारावं: बोर्डात आणखी कोणता मार्ग चर्चेत होता आणि तो का सोडला? स्तन ठेवता येईल का? ऑपरेशननंतरचं औषध कोणतं आणि किती वर्षं? हे विचारल्यावर डॉक्टर चिडले, तर दुसरं मत घ्या. टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा फाइल बघून लेखी मत देते, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि शेक बसतात. योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्यालाच भेटा. मंजुरी ऑपरेशनआधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. उपचार मुंबईत असतील, तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घ्या.

शेवटी मावशी. तुम्ही ती आईच्या झोपेच्या संदर्भात एका ओळीत लिहिलीत, पण मला ती ओळ पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली. मावशीला अंडाशयाचा कॅन्सर आणि भाचीला ४६व्या वर्षी स्तनाचा, हे एकत्र आलं की घराण्यात बीआरसीए जनुकातला, म्हणजे या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवणारा, आनुवंशिक दोष असू शकतो. ताईंची ही तपासणी पहिल्या वेळीच झाली होती का, ते फाइलमध्ये बघा. झाली नसेल, तर ऑपरेशन ठरण्याआधी रक्त द्या आणि निकाल बोर्डापुढे ठेवायला सांगा. दोष निघाला, तर दुसऱ्यांदा स्तन वाचवण्याचा विचार सहसा मागे पडतो, दुसऱ्या स्तनाचं आणि अंडाशयांचं काय करायचं हा प्रश्न येतो, आणि पुढे कधी गरज पडली तर ओलापरिबसारखं वेगळं औषधही हाताशी असतं. तपासणी आधी ताईंचीच करायची, कारण आजार त्यांना झाला आहे. त्यांच्यात दोष सापडला, तर तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी असते, आणि मग तुमचं रक्त तपासायचं. आनुवंशिक समुपदेशकाला भेटायला जाताना आईकडच्या आणि वडिलांकडच्या कुणाला कोणता कॅन्सर, साधारण कोणत्या वयात झाला ते आईला विचारून लिहून न्या. त्या निकालाची वाट न पाहता तुमची स्वतःची मॅमोग्राफी मात्र याच महिन्यात करून घ्या.